‘मॅडम, एक विचारायचं होतं’

“मॅडम, माझ्या एका मैत्रिणीचं आहे...” असं म्हणत कुणी दारात उभं राहिलं, की हातातलं पेन खाली ठेवा आणि घड्याळाकडं एकदाच बघून घ्या. प्रशिक्षणाच्या सुरुवातीलाच आम्ही हे सांगतो तेव्हा प्राध्यापक मंडळी हसतात. घड्याळ कशाला? तर सांगली-मिरजेच्या महाविद्यालयांत कितीतरी मुली जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, शिराळ्याकडून एसटीनं येतात. अशी मुलगी बोलायला येते ती बहुधा गाडीला वीस-पंचवीस मिनिटं उरलेली असताना. ती वेळ तिनं नकळत निवडलेली असते. बोलणं नकोसं झालं तर “गाडी चुकेल” म्हणून उठता येतं. म्हणून पहिला प्रश्न “काय झालं?” हा नव्हे, “तुझी गाडी कितीची आहे?” हा. गाडी चुकली तर घरी जाब द्यावा लागतो आणि जे अजून कुणाला सांगायचं नव्हतं ते त्याच रात्री उघडं पडतं. शिवाय हा प्रश्न साधा असतो, त्याचं उत्तर तिला येत असतं आणि ती उठून जाऊ शकते हे न सांगता कळतं.

आम्ही काहीजण महाविद्यालयांच्या अंतर्गत तक्रार समित्यांवर बाहेरचे सदस्य म्हणून बसतो आणि या भागात अशी प्रशिक्षणं घेतो. कुणी येऊन लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर समोरच्यानं काय करायचं, एवढाच त्यांचा विषय. ती कशी चालतात आणि कुठं अडतात, ते इथं मांडतो.

पहिली अडचण बोलावण्यापासूनच असते. प्राचार्य म्हणतात, “समितीचं प्रशिक्षण घ्या.” समितीचं घेतोच, पण मुली समितीला सांगत नाहीत. समिती म्हणजे मुख्य इमारतीतला एक फलक, त्यावर सात-आठ नावं, आणि त्यातलं एखादं नाव निवृत्त होऊन गेलेल्या मॅडमचं. मुली सांगतात खोलीतल्या मैत्रिणीला, वसतिगृहाच्या रेक्टर मॅडमना, जिमखान्याच्या सरांना, राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) शिबिरात सोबत असलेल्या मॅडमना, वाचनालयात पुस्तक देणाऱ्या दादांना. आणि मावशींना. लेडीज रूम झाडणाऱ्या मावशींना कोण रडतंय, कोण दोन तास तिथंच बसून आहे, कोण जेवत नाही, हे सगळ्यात आधी दिसतं. आम्ही प्राचार्यांकडं यादी मागतो तेव्हा मावशींची नावं वर लिहायला सांगतो. “त्या काय करणार?” हा प्रश्न हमखास येतो. तेवढ्यापुरतं उत्तर देत नाही; पहिल्या सत्राच्या शेवटी ते आपोआप मिळतं.

एका गटात २० ते २५ जण, त्याहून जास्त नको. तीन-तीन तासांची दोन सत्रं, मध्ये आठ दिवस. पहिल्या सत्रात शिक्षक आणि शिक्षकेतर वेगळे बसतात, कारण सरांसमोर मावशी तोंड उघडत नाहीत. दुसऱ्या सत्रात सगळे एकत्र. पहिल्या दिवशी पडद्यावर काही दाखवायचं नाही. कायद्याची कलमं पडद्यावर आली की सगळे वह्या काढतात आणि माणूस डोळ्यांसमोरून जातो.

सुरुवात शब्दांपासून. प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं: आपल्याकडची एखादी मुलगी हे सांगेल तेव्हा कुठल्या शब्दांत सांगेल? ‘लैंगिक अत्याचार’ असं मुली म्हणत नाहीत. चिठ्ठ्यांवर येतं ते असं: ‘त्रास दिला’, ‘अंगचटीला आला’, ‘तसलं केलं’, ‘जबरदस्ती केली’, ‘वाईट वागला’. आणि बऱ्याचदा मावशींच्या गटातून एक चिठ्ठी येते जी आम्ही वेगळी काढून ठेवतो: ‘माझी एक चूक झालीय.’ झालेलं कृत्य दुसऱ्याचं, पण सांगायची पद्धत कबुलीजबाबाची. शिक्षक हे वाक्य ऐकतात आणि समजतात की प्रेमप्रकरण आहे, गर्भ राहिलाय किंवा कॉपीत सापडली आहे. मग एक छोटं भाषण सुरू होतं आणि मुलगी “काही नाही मॅडम” म्हणून निघून जाते.

या चिठ्ठ्यांवरून पहिला नियम निघतो: तिनं जो शब्द वापरला तोच आपण वापरायचा. ती ‘त्रास’ म्हणाली तर आपणही ‘त्रास’. ‘म्हणजे बलात्कार का?’ असं विचारून तिच्या तोंडात कायद्याचा शब्द घालायचा नाही; पुढं जबाबाच्या वेळी तो आपण शिकवलेला ठरतो. आणि वर्तमानपत्री मराठीतले ‘अब्रू’, ‘इज्जत’, ‘शील’ हे शब्द तर दाराबाहेरच ठेवायचे. त्या शब्दांचा हिशेबच असा आहे की कृत्य कुणीही करो, गमावलेलं माप तिच्याच पदरात पडतं.

मग तिघांचे गट. एक सांगणारी, एक ऐकणारा, एक नुसतं बघणारा. चार मिनिटं. सांगणारीच्या हातात आम्ही लिहिलेली सहा-सात ओळींची चिठ्ठी असते, कुणाच्याही खऱ्या हकिकतीवरून घेतलेली नसलेली. बघणाऱ्याकडं एक कागद, त्यावर तीन गोष्टी मोजायच्या: ऐकणाऱ्यानं पहिल्यांदा मध्ये तोंड कधी घातलं, ‘का’ किती वेळा आलं, आणि सल्ले किती दिले.

शिक्षक इथं हमखास घसरतात, आणि त्यांचा दोष कमी, सवयीचा जास्त. आयुष्यभर वर्गात प्रश्न विचारलेले असतात. दुसऱ्या वाक्यालाच सुरू होतं: कधी? कुठं? किती वाजता? सोबत कोण होतं? तू तिथं का गेलीस? आधी का नाही सांगितलंस? ओरडली का नाहीस? पहिल्या चारांत चौकशी आहे, शेवटच्या तिन्हींत आरोप. विचारणाऱ्याच्या मनात तसं नसतं, पण मराठीत कारण विचारणारा ‘का’ जाब म्हणूनच कानावर पडतो. त्याऐवजी काय? काहीच नाही. “हं.” “सांग.” “थांबत थांबत सांगितलंस तरी चालेल.” “सगळं सांगायलाच पाहिजे असं नाही.” गप्प राहणं शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आम्ही वीस सेकंद पूर्ण शांततेत बसायला लावतो. निम्म्या लोकांना ती वीस सेकंदं दोन मिनिटांसारखी वाटतात.

‘ओरडली का नाहीस’चं उत्तर मात्र सगळ्यांना सांगून ठेवतो, कारण हा प्रश्न मनातून जात नाही. अतिशय भीतीत माणसाचं शरीर थिजतं. पळणं किंवा झुंजणं या जशा प्रतिक्रिया, तशीच ही. ती ठरवून होत नाही. आठवणही तुकड्यातुकड्यांनी साठते: पंख्याचा आवाज लख्ख आठवतो, पण आधी काय आणि नंतर काय हे जुळत नाही. सांगताना मुलगी हसते, किंवा दुसऱ्याच कुणाचं सांगतेय अशा कोरड्या आवाजात बोलते. “इतकी शांत कशी?” म्हणून संशय घेणारे प्रत्येक गटात भेटतात. क्रम चुकणं, शांत असणं, आठ महिन्यांनी सांगणं, यांतली एकही गोष्ट खोटेपणाची खूण नव्हे.

दुसरी घसरण रागाची. “कोण आहे तो? नाव सांग, बघतोच त्याला!” हे म्हणणारे सर मनानं चांगलेच असतात. पण तेवढ्यात मुलीच्या डोक्यात नवी चिंता शिरते: आता सर कॉलेजात हाणामारी करणार, गावभर होणार, भावाला कळणार. तिला स्वतःला सावरायचं होतं, ती सरांना सावरू लागते. तिसरी घसरण धीर देण्याची. “विसरून जा.” “अभ्यासात मन घाल.” “काही होत नाही, तू वाघीण आहेस.” धीर म्हणून निघालेलं वाक्य ‘विषय बंद’ असं ऐकू येतं.

उपयोगी पडणारी वाक्यं मोजकीच आहेत. “बरं केलंस सांगितलंस.” “यात तुझी चूक नाही.” “आत्ता तुला कुणाची भीती आहे का?” “आज रात्री कुठं राहणार आहेस?” “पुढं काय व्हावंसं वाटतं तुला?” इंग्रजीतून आलेल्या पुस्तिकांत ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे’ हे वाक्य सुचवलेलं असतं. आम्ही ते बदललं. मराठीत ते एक तर नाटकातलं वाटतं, नाहीतर ‘अविश्वासही ठेवता आला असता’ असं सुचवून जातं. “खोटं नाही वाटत मला” तर त्याहून वाईट. खोटेपणाचा विषयच कुणी काढला नव्हता. त्यापेक्षा “तुला किती जड गेलं असेल हे” एवढं म्हटलं तरी विश्वास पोहोचतो.

पुरुष शिक्षकांची ठरलेली शंका: आरोप खोटा निघाला तर? ऐकणारा न्यायाधीश नाही, हेच त्याचं उत्तर. नीट ऐकून घेणं म्हणजे कुणाला दोषी ठरवणं नव्हे. चौकशी पुढं होते, समोरच्याला बाजू मांडायची पूर्ण संधी मिळते. या दहा मिनिटांत निकाल द्यायचा नसतो, हे पटलं की सर मंडळी बरीच मोकळी होतात. “थांब, एखाद्या मॅडमना बोलावतो” म्हणून उठायचीही गरज नसते. तिनं तुम्हाला निवडलं आहे. तिलाच विचारा: “मॅडमना बोलावू, का माझ्याशीच बोलतेस?”

जागेबद्दल थोडं. स्टाफरूम नको, प्राचार्यांची केबिन तर नकोच, तिथं दर पाच मिनिटांनी कुणीतरी सही घ्यायला येतं. दार पूर्ण बंद नको, सताड उघडंही नको. तिची खुर्ची दाराच्या बाजूला, आपली आत. उलट बसलं तर आपण वाट अडवून बसतो. आणि डोक्यावर हात ठेवायचा नाही. आपल्याकडं ती मायेची खूण आहे, पण त्या क्षणी न विचारता झालेला कुठलाही स्पर्श नको असतो. पाण्याचा ग्लास पुढं करावा. मावशी इथं शिक्षकांच्या पुढं जातात. त्या “पोरी, बस हितं” म्हणतात, ग्लास ठेवतात आणि खरोखर गप्प बसतात.

आता सगळ्यात नाजूक वाक्य, जे मुलगी जवळपास दर वेळी म्हणते: “मॅडम, कुणाला सांगू नगासा.” सवयीनं तोंडातून निघतं, “नाही गं, शपथ!” ती शपथ घेऊ नका.

कारण आपल्याकडं बहुतेक वरिष्ठ महाविद्यालयांना अकरावी-बारावी जोडलेली आहे, आणि तिथली मुलं अठराच्या आतली. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. कळवायची जबाबदारी ऐकणाऱ्यावरच येते. ‘मी प्राचार्यांना सांगितलं, माझं काम झालं’ असं होत नाही, आणि ‘संस्थेच्या सचिवांची परवानगी यायची आहे’ हे कारणही चालत नाही.

म्हणून वाक्य आधीच तयार ठेवायचं. ती पुढं बोलायच्या आत शांतपणे सांगायचं: “एक मिनिट. तू अठराच्या आतली असलीस तर काही गोष्टी मला पोलिसांना कळवाव्याच लागतात. त्याखेरीज तुझं बोलणं मी कुणाकडं नेणार नाही. आता तुला जेवढं सांगायचं तेवढं सांग.” हे ऐकून काही मुली थांबतात. थांबू द्यावं. विश्वासानं सगळं सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी दारात पोलीस दिसले तर ती पुन्हा कुठल्याच मोठ्या माणसाजवळ तोंड उघडणार नाही. पोलिसांच्या नुसत्या नावानं घाबरणाऱ्या मुलीला सांगावं, की या कायद्यात जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो फौजदार किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेशाशिवाय. आणि रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.

इथली ठरलेली चूक म्हणजे “आधी पालकांना बोलावू.” हेतू चांगला, पण ज्यानं केलं तो चुलता, मामा किंवा भावकीतलाच असेल तर? तिलाच विचारायचं, “घरात हे कुणाला सांगितलेलं तुला चालेल?” आई म्हणेल, आजी म्हणेल, कधी कधी शेजारची काकू म्हणेल.

अठराच्या वर असेल तर गणित बदलतं. तक्रार करायची की नाही, कुठं, कधी, हे तिचं ती ठरवणार. आपलं काम वाटा दाखवण्याचं, आणि त्यातही ज्या वाटेला घड्याळ लावलेलं आहे ती आधी.

घड्याळ लावलेली वाट दवाखान्याची. गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी जितकी लवकर तितकी चांगली. ७२ तासांच्या आत उत्तम, १२० तासांपर्यंत उपयोग होऊ शकतो. एचआयव्हीची बाधा टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. शरीरावरचे पुरावे साधारण ९६ तासांपर्यंत गोळा करतात. त्याआधी आंघोळ, कपडे धुणं टाळता आलं तर बरं. पण आंघोळ केलीच असेल तर “आता काय उपयोग” म्हणू नये, तरीही जावं. कपडे कागदी पिशवीत किंवा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचे, प्रत्येक कपडा वेगळा. प्लास्टिकच्या पिशवीत घालणं ही सर्रास होणारी चूक. आत ओल धरते, बुरशी येते आणि नमुना वाया जातो.

सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. पण उपचार नाकारण्याचा अधिकार कुठल्याच दवाखान्याला नाही, खासगीलाही नाही. अशा व्यक्तीला लगेच आणि मोफत प्रथमोपचार व उपचार द्यावे लागतात, आणि ‘आधी एफआयआर आणा’ ही अट घालता येत नाही. दवाखाना पोलिसांना कळवतो, हे तिला आधी सांगून ठेवावं. तिला त्या वेळी जबाब द्यायचा नसेल तर नकार देता येतो, डॉक्टर तसं लिहून घेतात, उपचार थांबत नाहीत. तपासणीच्या कुठल्याही टप्प्याला ती ‘नको’ म्हणू शकते. ‘टू फिंगर टेस्ट’, म्हणजे योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी, करायची नाही हे केंद्राच्या आरोग्य खात्यानं २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२२मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितलं; सोबत जाणाऱ्या मैत्रिणीला हे माहीत असलं तर फार उपयोग होतो. एकाच ठिकाणी डॉक्टर, पोलीस, वकील आणि चार दिवस राहायची सोय लागणार असेल तर जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर आहे. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला तरी तिथवर पोहोचता येतं.

पोलिसांत जायचं ठरलं तर दोन गोष्टी. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो; घटना पुण्यात घडली म्हणून सांगलीतल्या विश्रामबागच्या ठाण्यातून परत पाठवता येत नाही, त्याला ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. आणि जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, एफआयआरची प्रत फुकट मिळते. मुलगी अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि करणारा तसा नसेल तर १९८९चा ॲट्रॉसिटी कायदाही लागू होऊ शकतो. ते कलम आधीच लागावं म्हणून जातीचा दाखला सोबत न्यावा.

मोबाइलवरचे फोटो, चॅट हा वेगळाच गुंता. घाबरून सगळं डिलीट करणं ही मुलींची पहिली प्रतिक्रिया, आणि सल्ला देणाऱ्यांचीही. काही पुसायचं नाही. तारीख आणि खात्याचं नाव दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यायचे, मग त्या ॲपकडं तक्रार करायची. २०२१च्या नियमांतल्या २०२६च्या दुरुस्तीप्रमाणे असं खासगी चित्र तक्रारीनंतर दोन तासांत काढावं लागतं; आधी ही मुदत २४ तासांची होती. पुरावा म्हणून ते चित्र चार मैत्रिणींना पाठवून ठेवायचं नाही.

आता समिती. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५चे नियम आहेत. गावाकडं अजून सगळे तिला ‘विशाखा समिती’च म्हणतात, म्हणोत. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, कारण लिहून समितीला आणखी तीन महिने मुदत वाढवता येते. लिहिता येत नसेल तर सदस्यांनी लिहायला मदत करायची आहे. नियमांतला ‘परिसर’ कुंपणापाशी संपत नाही: अभ्यास सहल, रासेयोचं शिबिर, युवा महोत्सव, खेळाच्या स्पर्धा, कॉलेजची बस, सगळं त्यात येतं. कॉलेजशी संबंध नसलेल्या माणसानं गावात केलेल्या गुन्ह्याची चौकशी समिती करू शकत नाही, पण “आमच्या हद्दीत येत नाही” एवढंच बोलून दार लावून घेणं हा शुद्ध पळपुटेपणा आहे. हजेरीत सवलत, वसतिगृहात जागा, सोबत कुणीतरी देणं, हे सगळं करता येतंच.

आणि तक्रार चालू असताना काय मिळू शकतं ते मुलींना कुणी सांगतच नाही. उपस्थितीच्या अटीतून सूट मिळते. तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते. ज्याच्यावर तक्रार आहे तो शिक्षक असेल तर तिचे पेपर तपासण्यापासून, तोंडी परीक्षा घेण्यापासून त्याला दूर ठेवता येतं. मुलीची खरी भीती बहुधा हीच असते, की इंटर्नलचे गुण त्याच्या हातात आहेत. ही एक तरतूद सांगितली तर तिचे ताठलेले खांदे सैल पडतात.

तसंच एक अवघड सत्यही आधीच सांगावं लागतं: तक्रारीची प्रत सात दिवसांत त्याच्या हातात जाते. त्यानं दहा दिवसांत उत्तर द्यायचं, चौकशी ९० दिवसांत पुरी करायची, अहवाल पुढच्या दहा दिवसांत, आणि संस्थेनं ३० दिवसांत कारवाई. प्रत जाणार हे ठाऊक नसलेल्या मुली आठव्या दिवशी कोसळतात आणि तक्रार मागं घेतात. मग लोक म्हणतात, ‘बघा, खोटीच होती.’ प्रत जायच्या आदल्या दिवशी तिला फोन करून सांगावं आणि दोन दिवस ती कुणासोबत राहणार हे ठरवावं.

गुप्तता फुटते ती मोठ्या ठिकाणी नाही. फुटते जावक नोंदवहीत. ‘कु. अमुक यांच्या लैंगिक छळाच्या तक्रारीबाबत’ असा विषय कारकुनानं सरळ अक्षरात लिहिलेला असतो आणि वही काउंटरवर उघडी. किंवा सुनावणीचं पत्र घरच्या पत्त्यावर पोस्टानं जातं आणि वडील फोडतात. प्रकरणाला नुसता क्रमांक द्यावा, पाकीट बंद, पत्र तिच्या हातात. मेंटॉर डायरीत, म्हणजे मार्गदर्शक शिक्षकाच्या वहीत, यातलं एक अक्षरही नको. ती डायरी कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला लागते आणि चार खात्यांतून फिरते. ऐकणाऱ्यानं त्याच दिवशी अर्धं पान लिहून ठेवावं: तारीख, वेळ, तिची वाक्यं तिच्याच शब्दांत, आपण काय सांगितलं ते. आपलं मत नको. पाकिटात घालून समितीच्या अध्यक्षांकडं, तेही तिला विचारून.

आणि ‘समजूत’. “दोघांना समोरासमोर बसवा, मिटवून टाकू” हे म्हणणारं कुणीतरी संस्थेत असतंच, बहुधा वजनदार. समेटाची तरतूद आहे, पण मागणी तिच्याकडून आली तरच, पैशाची देवघेव त्याचा पाया असू शकत नाही, आणि बळजबरीच्या प्रकरणात तर तो विषयच काढू नये. सुनावणीच्या दिवशी दोघांना एकाच व्हरांड्यातल्या बाकावर बसवलेलंही पाहायला मिळतं. वेळा वेगळ्या, जिने वेगळे, आणि सुनावणी सकाळी अकराला. दुपारी चारला ठेवली की पुन्हा गाडीचा प्रश्न आलाच.

मुलामुलींसाठी वेगळं ४५ मिनिटांचं सत्र असतं, एका वेळी एकच वर्ग. त्यात कायदा जवळजवळ नसतोच. मैत्रिणीनं सांगितलं तर ऐक, तिच्यासाठी काही ठरवू नकोस, तिच्या नावानं एकही मेसेज पुढं पाठवू नकोस. बलात्कार झालेल्या व्यक्तीची ओळख छापणं किंवा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद. ‘जस्टिस फॉर’ म्हणून फोटो टाकणाऱ्या मुलांना हे ऐकून धक्का बसतो. मुलग्यांवरही हे घडतं, वसतिगृहात जास्त, आणि ते सांगतात गंमत म्हणून, हसत. तिथंही नियम तेच: हसायचं नाही, ऐकायचं. आयोगाच्या नियमांत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही धरलेले आहेत.

खोलीतली मैत्रीण, जिनं सगळं ऐकलं, ती पुढचे आठ दिवस झोपत नाही. तिलाही कुणीतरी लागतं. नाव न घेता तिनं समुपदेशकाशी बोलावं, किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर. शिक्षकांनाही तोच क्रमांक देतो. फोन करतात की नाही ते विचारत नाही.

आठ दिवसांनी दुसरं सत्र, आणि त्यात शेवटी कार्ड. मोठी भित्तिपत्रकं कुणी उभं राहून वाचत नाही, वाचणारीकडं लोक बघतात. ओळखपत्राच्या प्लास्टिकच्या खिशात मागून सरकेल एवढं कार्ड, आणि लेडीज रूमच्या प्रत्येक दाराला आतल्या बाजूनं, कडीच्या वर एक. त्यावर पोलिसांसाठी ११२, महिलांसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८, मन मोकळं करायला १४४१६, कायद्याच्या मोफत मदतीसाठी १५१००, आणि कॉलेजातल्या दोन माणसांची नावं व नंबर, त्यातल्या एक मावशी असल्या तर फारच छान. दर जूनला कार्ड नवं छापायचं. छापायला देण्याआधी कॉलेजातले दोन्ही नंबर संध्याकाळी साडेचारला स्वतः फिरवून बघायचे. कुणी उचलला नाही तर ते नाव काढायचं, मग ते अध्यक्षांचं असलं तरी.